‘कायमचे बरे’ या मजकुराच्या दुरुस्तीसाठी दोन फलक

प्रति,
मा. फलक परवाना अधिकारी,
घाटमाथा फलक परवाना कक्ष,
लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे.

अर्जदार : संदेश अंबाजी तिकोणे, वय ३९ वर्षे, धंदा फ्लेक्स छपाई (प्रेरणा डिजिटल, कामशेत), राहणार भाजे, ता. मावळ.

विषय : एकाच मजकुराचे, वीस बाय दहा फुटी दोन फलक लावण्यास परवानगी मिळणेबाबत. पैकी एक मस्तिष्कदीप हॉस्पिटलच्या दारासमोर. दुसऱ्याची जागा परिच्छेद १२ मध्ये.

संदर्भ : १) माझा दि. २ सप्टेंबर २०२५ रोजीचा अर्ज. २) त्यावर आपल्या कक्षाचा दि. ३ सप्टेंबर रोजीचा शेरा – ‘मजकूर बदनामीकारक. दुरुस्त करून फेरसादर करावा.’

महोदय,

१. संदर्भ क्र. १ चा अर्ज मी रागात लिहिला होता. हा अर्जही रागातच लिहीत आहे, परंतु या वेळी मजकूर तपासला आहे. आपल्या कक्षातील सारिका मॅडम यांनी पहिला अर्ज परत देताना मला सांगितले की, “भाऊ, राग समजतो, पण चपलांचा हार घातलेला फोटो कुठल्याच नियमात बसत नाही.” त्यांच्या सूचनेनुसार चपलांचा हार काढला आहे. डोक्यावरची शिंगे काढली आहेत. ‘यमाचा एजंट’ हे शब्द खोडून त्या जागी ‘डॉक्टर’ असे लिहिले आहे. याहून सौम्य होणे मला जमलेले नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

२. प्रकरण आपणास नव्याने सांगणे भाग आहे, कारण पहिल्या अर्जात शिव्याच जास्त होत्या. माझी पत्नी सौ. प्रेरणा, वय ३४, ही भाजे येथे शनिवार-रविवारी लेणी पाहायला येणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी करून वाढते. जानेवारी २०२३ मधील एका रविवारी, अकरा माणसांचे जेवण चुलीवर असताना, तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “डोस्क्यात कुनी धोंडा घातला वो.” एवढे बोलून ती चुलीपाशीच कलंडली. तिला आम्ही जुन्या हायवेवरच्या मस्तिष्कदीप हॉस्पिटलमध्ये नेले. तिच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो फुटला होता. तेथील डॉ. निलेश टेमघरे यांनी तिचे डोके न उघडता, जांघेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन, त्या फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी भरली. तेराव्या दिवशी ती चालत घरी आली. त्या दिवशी मी डॉक्टरांच्या पाया पडलो होतो, हेही लिहून ठेवतो. खोटे मला लिहायचे नाही.

३. पुढच्या महिन्यात हॉस्पिटलचा वर्धापनदिन होता. त्यानिमित्त प्रेरणाचा आणि त्याच उपचाराने वाचलेल्या बुधा गेणू आगिवले यांचा फोटो टाकून एक मोठा फ्लेक्स करायचे ठरले. बुधाभाऊ हे भाज्याच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीत राहतात. फ्लेक्स अर्थातच माझ्याकडे आला. वीस बाय दहा. मधोमध डॉक्टर हात जोडून उभे, एका बाजूला प्रेरणा, दुसऱ्या बाजूला बुधाभाऊ, आणि वर सोनेरी, उठावाच्या, दोन फुटी अक्षरांत ‘बिनटाक्याचा उपचार, कायमचे बरे!’ माझ्या धंद्याची रीत अशी की, छापण्याआधी प्रूफ ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवायचे आणि ‘ओके’ आल्याशिवाय मशीन सुरू करायचे नाही. दुकानात पाटीच आहे : ‘प्रूफ ओके झाल्यावर मजकुराची जबाबदारी ग्राहकाची.’ प्रूफ मी डॉक्टरांना पाठवले. चार मिनिटांत ‘ओके’ आले. सोबत अंगठा. ते दोन्ही माझ्या मोबाइलमध्ये आजही आहेत आणि त्याची छापील प्रत अर्जासोबत जोडली आहे.

४. सदर फ्लेक्स हॉस्पिटलच्या दारासमोर एक महिना होता. येणारेजाणारे प्रेरणाला ओळखू लागले. लेणी पाहायला आलेल्या पाहुण्यांनी पिठलं खाता खाता तिच्याबरोबर फोटो काढले. चैत्रात माझी आई विठाबाई हिने नवस फेडला. आईची समजूत अशी की, नवस फिटल्यावर दवाखान्याचे कागद घरात ठेवायचे नसतात. “कागदं घरात ठिवली की दुखन्याला वाटतं आपलं काम ऱ्हायलंय. दे नदीला सोडून,” असे म्हणून तिने प्रेरणाची संपूर्ण फाइल, सिटी स्कॅन आणि दवाखान्यात नेसलेली साडी यांचे बोचके बांधून इंद्रायणीत सोडले. मी पुलावर उभा होतो. मी नारळ धरला होता. मी आईला अडवले नाही. फाइलमधल्या कार्डावर इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला यावे असे लिहिले होते, हे आम्हाला अडीच वर्षांनी कळले. त्या वेळी तोंडी आम्हाला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. कदाचित सांगितलेही असेल. तेरा दिवस झोप नसलेल्या माणसाला घरी जा एवढेच ऐकू येते.

५. आता माझा मुख्य मुद्दा. जुलै २०२३ ते ऑगस्ट २०२५ या काळात मस्तिष्कदीप हॉस्पिटलमधून मला एकंदर अकरा फोन आले. मोबाइलमधून काढलेली यादी सोबत जोडली आहे. पैकी दोन दिवाळीच्या शुभेच्छांच्या फलकासाठी, दोन डॉक्टरांच्या वाढदिवसासाठी, दोन नव्या मशीनच्या उद्घाटनासाठी, दोन दहीहंडीसाठी आणि तीन गणेशोत्सवासाठी. म्हणजे माझा नंबर त्यांच्याकडे होता. तो पाठ असावा इतक्यांदा लावलेला होता. त्या अकरांपैकी एकाही फोनवर, ‘तिकोणे, बायकोला तपासणीला आणा’ हे शब्द नव्हते. ‘तिकोणे, फोटोत जरा उजळ करा’ हे शब्द मात्र अकरांपैकी सात वेळा होते.

६. दि. २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, प्रेरणाची डावी पापणी खाली आली. उघडेना. बोटाने उचलली तर आतली बाहुली मोठी झालेली, आणि तिला एकाचे दोन दिसत होते. दारात उभी राहून ती म्हणाली, “दोन दोन सासूबाई दिसायल्यात, एकच झेपंना.” आम्ही हसलो. येथे मला एक लाजिरवाणी गोष्ट नमूद करावी लागत आहे. वर्धापनदिनाचा तो फ्लेक्स महिनाभराने मी काढून आणला होता. चांगला जाड फ्लेक्स वाया घालवायचा नाही म्हणून तो आमच्या गोठ्याच्या छपरावर टाकला होता. अडीच पावसाळे आमच्या म्हशी ‘कायमचे बरे’ याखाली बसल्या. पापणी पडल्याचे कळताच आई शिडी लावून छपरावर चढली. बाटलीचे बूच लावून ठोकलेला एक खिळा नेमका फोटोतल्या प्रेरणाच्या डाव्या डोळ्यातून आरपार गेला होता. “ह्यो बघ! डोळ्यातच मारलायस मुडद्या!” असे ओरडून आईने पकडीने खिळा उपटला, त्या भोकावर डांबर लावले, हळदकुंकू वाहिले आणि खाली येऊन म्हणाली, आता उघडंल.

७. महोदय, आम्ही चार दिवस पापणी उघडण्याची वाट पाहिली. हे वाचून आपणास हसू आले तर हसावे. मी बारावी शिकलेला माणूस आहे, रोज संगणकावर बसतो, आणि मीही वाट पाहिली. कारण माझ्या मनात, ही बाई कायमची बरी झालेली आहे, हे पक्के होते. ते मी वीस फुटी फलकावर वाचले होते. शिवाय गणपतीची घाई होती, मशीन थांबत नव्हते. दि. ३० ऑगस्टला दुपारी मशीनवर जो फ्लेक्स चालू होता तो मस्तिष्कदीप हॉस्पिटलच्याच गणेशोत्सवाच्या शुभेच्छांचा होता. घरी बायकोचा डोळा मिटलेला आणि मी येथे डॉक्टरांचे डोळे उजळ करत होतो.

८. दि. ३१ रोजी प्रेरणाचे डोके दुखू लागले, तेव्हा कुठे शुद्धीवर आलो. तिला पुण्यातील मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. १ सप्टेंबरला पुन्हा नळी घालून तपासणी झाली. तेथील बाई डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवले आणि टेबलावरची उशी हातात घेऊन समजावले. नवी उशी फुगलेली असते, रोज डोके टेकून कापूस दबतो आणि एका बाजूला पोकळ होते. तसेच तारेची गुंडाळी रक्ताच्या रोजच्या दाबाने आत दबते, फुग्याच्या तोंडाशी जागा होते आणि रक्त पुन्हा शिरू लागते. पाचांपैकी एकात कमीजास्त असे होते. म्हणूनच सहा महिन्यांनी आणि नंतरही पाहावे लागते. वेळेत पाहिले तर बहुतेकदा थोडी तार आणखी भरून भागते. प्रेरणाचा फुगा आता पहिल्यापेक्षा मोठा झाला असून डोळ्याच्या नसेवर दाबतो आहे. आता आत जाळी बसवावी लागेल. जाळी मागवली आहे. ऑपरेशन सोमवार दि. ८ रोजी आहे. तोपर्यंत फुटू नये म्हणून तिला खाटेवर पडूनच राहायला सांगितले आहे. शिंकसुद्धा सांभाळून द्यायची आहे. वाचेल का, असे विचारले. बाई म्हणाल्या, “प्रयत्न चांगला करू. उशीर झालाय, एवढं खरं.”

९. तेथून मी थेट मस्तिष्कदीपमध्ये गेलो. डॉ. टेमघरे मला ओळखीच्या आवाजात म्हणाले, “या तिकोणे, गणपतीचा फ्लेक्स झकास झालाय.” मी सर्व सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाले, “मी कार्डवर लिहिलं होतं. तुम्ही आला नाहीत.” मी म्हणालो, फ्लेक्सवर कायमचे बरे होते. ते म्हणाले, “फ्लेक्स म्हणजे काय मेडिकल रेकॉर्ड आहे का?” मी मोबाइल काढून त्यांचे ‘ओके’ दाखवले. त्यावर ते म्हणाले, “अहो, मी दिवसात पन्नास मेसेजना ओके पाठवतो. वाचत बसलो तर पेशंट कधी बघू?” माझा हात टेबलावरच्या काचेच्या गणपतीकडे गेला होता. गणपती आहे म्हणून परत आला. त्यानंतर मी संदर्भ क्र. १ चा अर्ज लिहिला. आता आपणास शिंगांचे कारण कळेल.

१०. सबब माझी मागणी खालीलप्रमाणे आहे.

(अ) पहिला फलक मस्तिष्कदीप हॉस्पिटलच्या दारासमोरील लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे जुना फ्लेक्स होता त्याच जागी, त्याच मापात लावू द्यावा. डॉक्टर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभे राहून सकाळी अकराला चहा घेतात. तेथून फलकाचा प्रत्येक शब्द वाचता येतो. जुना फ्लेक्स लावताना मी मुद्दाम वर जाऊन खात्री केली होती. तेव्हा त्यांना खूश करायचे होते.

(आ) मुदत एक वर्षाची असावी. ऊन-पावसाने अक्षरे फिकी झाल्यास स्वखर्चाने पुन्हा छापून लावण्याचा हक्क मला असावा. त्यांच्या वाढदिवसाच्या दिवशी फलकावर झेंडूचे तोरण बांधण्याची मुभा असावी.

(इ) फलकावरचा डॉक्टरांचा फोटो मूळ असेल. गेली तीन वर्षे मी त्यांच्या टकलावर केस लावत आलो आहे. गालावरचे वांग पुसले, हनुवटीखालचा मांसल भाग कापला, रंग दोन छटा उजळ केला. आजवर मावळात ज्यांनी डॉ. टेमघरे फ्लेक्सवर पाहिले, त्यांनी माझे काम पाहिले आहे. मूळ फोटो माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. खरा फोटो लावणे ही बदनामी होत नाही, असे मी एका वकिलाला विचारून आलो आहे. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

(ई) वरील सांगाडा उपलब्ध नसल्यास, त्या जागी मला स्वतःला फलक म्हणून उभे राहण्याची परवानगी द्यावी. माझी उंची साडेपाच फूट आहे. मजकूर छातीवर आणि पाठीवर मिळून बसतो, करून पाहिला आहे. माणसाच्या फलकास चौरस फुटाचा दर लागू होतो किंवा कसे, तसेच जेवायला व ऑपरेशनच्या दिवशी पुण्यास जाताना तो तात्पुरता उतरवता येईल किंवा कसे, हे कळवावे.

११. येथवर मजकूर लिहून काल दुपारी मी ठाकरवाडीत गेलो. सूड घ्यायचा तर साक्षीदार असावा, हा हेतू. जुन्या फ्लेक्सवरचा दुसरा चेहरा बुधाभाऊंचा होता, आणि त्यांचीही तपासणी झाली नसणार, हे गेल्या तीन दिवसांत मला एकदाही सुचले नव्हते. सुडाच्या नादात माणूस कसा आंधळा होतो, हे मी दुसऱ्याबद्दल बोलत असे. बुधाभाऊ ओट्यावर काकड्यांची पाटी भरत होते. जुन्या हायवेवर ते हॉस्पिटलच्या जवळच विकायला बसतात. मी त्यांना म्हणालो, भाऊ, प्रेरणाचा फुगा परत भरला. तुमी माझ्यासंगं चला, गाडी खाली उभी हाय, पुण्यात तपासून घेऊ. ते हसले. म्हणाले, “मला कशाला? म्या कायमचा बरा हाय.” मी म्हणालो, कोण म्हणतं? “तितं लिव्हलं हुतं न्हवं, सोन्याच्या अक्षरात. माझ्या करिष्मानं वाचून दावलं हुतं.” करिष्मा ही त्यांची नात, तेव्हा चौथीत होती. मी म्हणालो, भाऊ, ते खोटं होतं. बुधाभाऊंनी पाटी खाली ठेवली. आणि सरळ विचारले, “खोटं? मंग लिव्हलं कुनी?”

मी म्हणालो, आधी गाडीत बसा. तेथून खाली उतरलो. ते गाडीत बसले नाहीत. “तुज्या तोंडी बोलन्यावर कसा इस्वास ठिवू? तितं लिव्हून लाव, पोर वाचंल, मंग येतो,” असे ते मागून म्हणाले.

१२. म्हणून आता, मशीनसमोर नव्हे तर प्रेरणाच्या खाटेशेजारी बसून, पुढील माहिती प्रथमच लेखी देत आहे. परिच्छेद ३ मध्ये ती मी गाळली होती. पहिल्या अर्जात तर ती नव्हतीच.

वर्धापनदिनाच्या फ्लेक्सचा मजकूर हॉस्पिटलने मला पाठवला होता. त्यात दोन ओळी होत्या. ‘मेंदूतील फुग्यावर बिनटाक्याचा यशस्वी उपचार.’ आणि खाली, ‘सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक.’ ही दुसरी ओळ मी काढली. जागा होती. पण माझी बायको चुलीपाशी मेलेली मी पाहिली होती आणि तेराव्या दिवशी ती माझ्या हाताला धरून जिना उतरली होती. तिच्या फोटोखाली ‘तपासणी आवश्यक’ हे शब्द मला सहन होईनात. आनंदाच्या फलकावर कोणी असे लिहीत नाही. लग्नाच्या फ्लेक्सवर ‘पटले तर’ असे कोणी छापतो का? मी ती ओळ उडवली आणि ‘कायमचे बरे!’ हे मी लिहिले. सोनेरी रंग मी दिला. उद्गारचिन्ह मी दिले. आणि दुकानातल्या पाटीच्या आड अडीच वर्षे उभा राहिलो. इतकेच नव्हे, सहा महिन्यांचे पहिल्यांदा अडीच वर्षांनी कळले, असे मी परिच्छेद ४ मध्ये लिहिले आहे. ते आईच्या बाबतीत खरे आहे. प्रेरणाच्या बाबतीत खरे आहे. माझ्या बाबतीत नाही. मी ती ओळ वाचली होती. वाचून विसरलो. काढून टाकलेले शब्द आमच्या धंद्यात कोणी लक्षात ठेवत नाही.

काल संध्याकाळी हे मी प्रेरणाला सांगितले. तिचा रक्तदाब वाढू द्यायचा नाही, म्हणून आधी नर्सबाईंना विचारून सांगितले. तिने उघड्या डोळ्याने छताकडे पाहिले. मग म्हणाली, “मला ठावं हाय. तवाच वाटलं, डाक्टर येवढं ग्वाड लिव्हत न्हाय.” पुढे म्हणाली, “त्येला सोडू नगा. पर तुमाला बी सोडू नगा.” तिच्या या दोन वाक्यांमुळे अर्जातील फलकांची संख्या एकावरून दोन झाली आहे. दुसरा फलक माझ्या दुकानाच्या दारात, कामशेत येथे, ‘प्रूफ ओके झाल्यावर’ ही पाटी काढून त्या जागी लावायचा आहे. माप तेच, मुदत तीच, मजकूर तोच. माझे गिऱ्हाईक तुटेल, असे आपणास वाटल्यास तसे वाटणे बरोबर आहे.

१३. दोन्ही फलकांचा अंतिम मजकूर मंजुरीसाठी देत आहे.

दुरुस्ती
फेब्रुवारी २०२३ मध्ये लावलेल्या फलकावर सौ. प्रेरणा तिकोणे आणि श्री. बुधा आगिवले हे ‘कायमचे बरे’ झाले, असे छापले होते. ते खोटे होते.
मेंदूतला फुगा तारेने बुजवला तरी पुन्हा भरू शकतो. सहा महिन्यांनी तपासणी करावीच लागते.
बुधाभाऊ, तुमची तपासणी राहिली आहे. गाडी खाली उभी आहे.
न वाचता ओके म्हणणारे : डॉ. निलेश टेमघरे.
वाचून खोडणारा : संदेश अंबाजी तिकोणे.

खाली दोघांचे फोटो राहतील. एकाच मापाचे, एकाच रांगेत, दोन्ही मूळ. डॉक्टरांच्या टकलाप्रमाणेच माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळेही पुसलेली नाहीत. चपलांचा हार एकट्याला घातल्यास बदनामी होते, हे समजले. दोघांना घातल्यास चालेल काय, हे सवडीने कळवावे. चालत नसल्यास आग्रह नाही.

१४. डॉक्टरांना मी माफ केलेले नाही, असे या अर्जाच्या अखेरीस पुन्हा नमूद करतो. तो माणूस रोज अकरा वाजता चहाचा कप हातात घेऊन माझी अक्षरे वाचेल आणि चहा गार होईल, ही माझी इच्छा जशीच्या तशी आहे. त्याच वेळी मी कामशेतला माझ्या दारातला फलक वाचत असेन, एवढीच तिच्यात भर पडली आहे. परंतु आपण परवानगी माझ्या इच्छेसाठी देऊ नये. बुधाभाऊंना वाचता येत नाही आणि ते बोललेले मानत नाहीत. त्यांना फलकाने सांगितले होते. आता फलकानेच परत सांगावे लागेल. करिष्मा हल्ली सातवीत आहे. शनिवारी सकाळी ती आजोबांबरोबर काकड्या विकायला हायवेवर येते. अक्षरे अर्ध्या फुटाची ठेवली आहेत, रस्त्यापलीकडून वाचता येतील. तरी शनिवार दि. ६ च्या सकाळपूर्वी निर्णय व्हावा. मशीनमध्ये रोल चढवून ठेवला आहे. गाडीत डिझेल भरले आहे.

मजकुरास सर्वस्वी जबाबदार,

(सही)
संदेश अंबाजी तिकोणे
दि. ४ सप्टेंबर २०२५
मुक्काम : पुणे, वॉर्डाबाहेरील बाक

सोबत :
१) दि. १४ फेब्रुवारी २०२३ रोजीच्या ‘ओके’ची व अंगठ्याची छापील प्रत.
२) हॉस्पिटलकडून आलेल्या मूळ दोन ओळींच्या मजकुराची प्रत. (संगणकातून शोधून काढली. पुसलेली नव्हती.)
३) अकरा फोनची यादी.
४) जुना फ्लेक्स, छपरावरून काढलेला, घडी करून. डाव्या डोळ्यावर डांबर आहे. कृपया उलगडताना हात जपावेत.
५) नव्या फलकाचे अंतिम प्रूफ. त्यावर सौ. प्रेरणा संदेश तिकोणे यांची ‘वाचले, ओके’ अशी सही. ती उजव्या डोळ्याने वाचून, दोनदा वाचून केली आहे.